धाकट्या काकूंना आलेलं कार्ड

"काकूंचं नाव काय?" मृणाल सबनीसने विचारलं आणि खोलीतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

प्रश्न साधाच होता. पण चार वर्षं मी रोज संध्याकाळी धाकट्या काकू होऊन लोकांच्या घरात शिरत होते, आणि या बाईला स्वतःचं एखादं नाव असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुतणे काकू म्हणायचे, नोकर काकू म्हणायचे, सासरा म्हातारा ऐंशीच्या घरातला, तोही काकूच म्हणायचा. लेखकाने पहिल्या दिवशी कागदावर 'काकू' लिहिलं होतं, पुढे कुणी विचारलं नाही.

मृणाल टॅरो कार्डं वाचायची. टीव्हीच्या वाहिनीने तिला मुंबईहून खास आमच्या सेटवर आणलं होतं, कोल्हापूरच्या बाहेर पन्हाळा रोडला एका भाड्याच्या बंगल्यात. तुम्हाला वाटेल आम्हा नटनट्यांचं भविष्य बघायला आणलं असेल. छे. ती आली होती मालिकेतल्या पात्रांचं भविष्य बघायला. जी माणसं जन्मालाच आली नाहीत, ज्यांचं उद्या काय व्हायचं ते आमच्या लेखकाने, सुमेधने, डोकं खाजवून ठरवायचं असतं, त्यांच्या नशिबात काय आहे ते कार्ड काढून बघायचं, आणि मग सुमेधने तसंच लिहायचं, अशी ती योजना होती.

मालिकेचं नाव 'उंबऱ्यातलं चांदणं'. कोल्हापुरातलं एक साड्यांचं मोठं दुकान, त्याचे मालक जहागीरदार, त्यांच्या घरात आलेली गरिबाची गुणी पोर शर्वरी, आणि तिचा छळ करणारी मी. छळ म्हणजे काय, तर खिरीत काहीतरी टाकायचं. कधी मीठ, कधी जुलाबाचं औषध, कधी नुसतीच पांढरी पूड, जिचं नाव सुमेधलाही ठाऊक नव्हतं. टाकून झालं की मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायचे, कॅमेरा माझ्या तोंडावर तीनदा आपटायचा आणि मागून 'धडाम' वाजायचं. ते धडाम ऐकून आमच्या बिल्डिंगमधली लहान मुलं मला जिन्यात बघून पळायची.

मध्यंतरी मालिकेचा आकडा घसरला. दर गुरुवारी किती लोकांनी मालिका बघितली त्याचा आकडा येतो, आणि गुरुवार आला की आमच्याकडे कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आधी खापर क्रिकेटवर फुटलं, मग वेळेवर, मग शर्वरीच्या नथीवर. नथ बदलून बघितली. आकडा आणखी खाली गेला. तेव्हा इरा मॅडमनी मृणालला बोलावलं.

इरा वाहिनीची. वयाने माझ्या मुलीएवढी, पण तिच्या हातात सगळ्यांची भाकरी, म्हणून सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि मीही म्हणायचे. वाईट नव्हती. हुशार होती, झटपट बोलायची, आणि मृणालच्या कार्डांवर तिची श्रद्धा होती. फ्लॅट कार्ड बघून घेतला होता, साखरपुडा कार्ड बघून मोडला होता. दोन्ही निर्णय फळले म्हणे. मग मालिकेने काय पाप केलं होतं?

मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण बातमी फुटली होती. वाहिनीला एक पात्र कमी करायचं होतं. कुणाला काढायचं ते आज कार्डं सांगणार होती.

मला ते काम हवं होतं. उगाच कलेबिलेचं नाव पुढे करत नाही. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते. या मालिकेआधीची तीन वर्षं मी रांगोळी स्पर्धांची परीक्षक होते आणि एका साबणाच्या जाहिरातीत माझा फक्त आवाज होता. नाटकं बंद पडली होती, फोन वाजायचा तो बँकेचा. सकाळी उठून जायला एक जागा असते, तिथे कुणीतरी "ताई, शॉट रेडी" म्हणून हाक मारतं, हे सुख ज्याचं गेलं असेल त्यालाच कळेल. ते पुन्हा जायला नको होतं.

"नाव नसेल तर रीडिंग होत नाही," मृणाल म्हणाली. "युनिव्हर्सला कळायला पाहिजे ना, कोणाबद्दल विचारतोय."

"शालन," मी म्हणाले.

इरा मॅडमनी सुमेधकडे बघितलं. "हे कुठल्या एपिसोडमध्ये आलंय?"

कुठल्याच नाही, मीच ठेवलंय, असं मी सांगितलं. आमच्या नाटकाच्या संस्थेत पद्धत होती. भूमिका चार वाक्यांची असली तरी त्या माणसाचं नाव, गाव, घरात किती भावंडं, हे आधी ठरवून यायचं, नाहीतर आमचे सर तालमीला उभं करायचे नाहीत. ती सवय जाता जात नाही. इरा मॅडम "सो क्यूट" म्हणाल्या आणि सुमेधने मान खाली घालून शालन हे नाव कागदावर लिहून घेतलं.

जन्मतारखांनी तर कहर केला. शर्वरीची जन्मतारीख काही केल्या ठरेना, कारण एकाच वर्षात तिचा वाढदिवस एकदा संक्रांतीच्या सुमारास आणि एकदा श्रावणात साजरा झाला होता, दोन्ही वेळा आकडा वाढवण्यासाठी. शेवटी मृणालने दोन्ही तारखा चालतील असं सांगितलं. म्हणाली, काही आत्मे दोनदा जन्मतात. इरा मॅडमनी ते वाक्य लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

मग कार्डं निघायला लागली. खाली निळ्या मखमलीचा तुकडा, शेजारी मेणबत्ती, आणि समोर जहागीरदारांच्या दिवाणखान्यातल्या खोट्या झुंबराखाली आम्ही सगळे हात जोडल्यासारखे बसलेलो. नायकाला 'लव्हर्स' आलं. एक पुरुष, एक बाई आणि वर ढगात पंखवाला देवदूत. मृणालने समजावलं की याचा अर्थ मनापासून केलेली निवड. इरा मॅडमनी कार्ड हातात घेऊन माणसं मोजली. तीन आहेत, म्हणजे तिसरी बाई आलीच पाहिजे, असा निकाल दिला. मृणाल म्हणाली तो देवदूत आहे. मॅडम म्हणाल्या देवदूत असू दे, पण बाई असू दे.

सासऱ्यांना 'टॉवर' आलं. वीज पडून मनोरा कोसळतोय आणि माणसं खाली पडतायत. मृणाल म्हणाली, जुना अहंकार ढासळेल. लगेच ठरलं की साड्यांचं दुकान जळणार. निर्मात्यांचा माणूस मागे उभा होता, तो घाईघाईने म्हणाला की आग परवडणार नाही, धूर करू. शर्वरीला 'हँग्ड मॅन' आलं, म्हणजे एका पायाने झाडाला उलटा टांगलेला माणूस. त्याचा चेहरा किती शांत आहे बघा, ही थांबण्याची, नव्या नजरेने बघण्याची वेळ आहे, असं मृणाल कळवळून सांगत होती. पुढच्या आठवड्यात शर्वरीला खरोखर आंब्याच्या झाडाला उलटं टांगलं. बिचारीला दोन दिवस चक्कर येत होती.

एक कबूल करते. मी मृणालची टिंगल करायच्या तयारीने बसले होते. बोटांत चांदीच्या अंगठ्या, डोळ्यांत काजळ, दर वाक्याला एनर्जी. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत ती एकटीच या पात्रांना माणसं समजत होती. खुळेपणाने का होईना, समजत होती. बाकी कुणालाच त्यांची पडली नव्हती.

माझी पाळी आली. मृणालने शालनसाठी तीन कार्डं मांडली, गेलेलं, असलेलं आणि येणारं.

पहिल्यात एक म्हातारा बर्फाच्या टोकावर एकटा कंदील घेऊन उभा. "या बाईला सोबत नाही," ती म्हणाली. "नवरा कुठे असतो?"

सुमेध खाकरला. काकांचं काम करणारा नट पहिल्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीवर पळाला होता. तेव्हा 'काका दुबईला गेले' असं एक वाक्य घातलं होतं, त्यानंतर तीन वर्षं त्या माणसाचा घरात कुणी विषय काढला नव्हता. फोन नाही, फोटो नाही. सणावारी त्याच्या नावाचं ताटसुद्धा मांडलं नव्हतं.

दुसरं कार्ड उलटलं. काळ्या झग्यातलं एक माणूस मान खाली घालून उभं, त्याच्या पायाशी तीन पेले सांडलेले. "पाठीमागे बघा," मृणाल म्हणाली. "दोन पेले अजून भरलेले आहेत. पण हिला ते दिसत नाहीत. ही फक्त सांडलेलं बघते."

मी त्या चित्राकडे बघत राहिले. तेवढ्यात तिने तिसरं कार्ड उलटलं आणि कुणीतरी मागे 'आई गं' म्हणालं. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा. खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं, डेथ.

रांगोळीचे ठिपके डोळ्यांपुढे नाचायला लागले.

"घाबरू नका," मृणाल घाईने म्हणाली. "डेथ म्हणजे मरण नाही. सगळ्यात गैरसमज झालेलं कार्ड आहे हे. मागे सूर्य उगवतोय, दिसतोय? डेथ म्हणजे बदल. या बाईच्या आत काहीतरी बदलणार आहे."

इरा मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. बदलणार म्हणजे सुधारणार का, असं त्यांनी विचारलं. सुधारलेल्या काकूला कोण बघणार? सुधारलेली काकू सकाळी पूजा करणार, दुपारी वाती वळणार. त्यापेक्षा सरळ मेलेली बरी. आणि नाहीच बदलली, काकू काकूच राहिली, तर मग कार्डाचं काय?

सुमेध मध्ये पडला. तो माझ्या बाजूचा होता. त्याने भराभर एक गोष्ट रचली की काकूंचा बदल म्हणजे त्या आता खीर सोडून दागिन्यांकडे वळतात, मृत्युपत्र बदलतात, मोठा डाव मांडतात. डावाला अजून दोन वर्षं पुरतील. मॅडम विचारात पडल्या. मग त्यांनी मृणालला विचारलं आणि मृणालने मलाच विचारलं.

"तुम्हीच सांगा ना, हेमाताई. चार वर्षं तुम्ही तिच्यात राहताय. शालनला काय हवंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुमेध टेबलाच्या पलीकडून डोळे मोठे करून ओठ हलवत होता. इस्टेट, तो म्हणत होता. ताई, इस्टेट म्हणा.

तीन अक्षरांचं काम होतं. इस्टेट म्हटलं की मी वाचत होते. डाव सुरू, गाडी रोज सकाळी दारात. मी तोंड उघडलं तेच म्हणायला. देवाशपथ, तेच म्हणायला उघडलं होतं. पण समोर ते दुसरं कार्ड होतं, त्या सांडलेल्या पेल्यांचं. आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी भूमिकेबद्दल काहीतरी विचारलं होतं. नाहीतर मला विचारायचे ते एवढंच की ताई, पदर कुठल्या हाताला गुंडाळला होता.

"तिला काहीच नकोय," मी म्हणाले. "ती खिरीत काहीतरी टाकते, कारण त्यानंतर घरातले सगळे तिच्याकडे बघतात. ओरडतात, शिव्या देतात, पण बघतात. एरवी त्या घरात तिच्याकडे कोण बघतं? नवरा गेला तो कुणाच्या लक्षातसुद्धा नाही. एक दिवस खीर चांगली झाली आणि कुणी काहीच बोललं नाही तर, याचीच तिला भीती वाटते."

मृणालच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं. सुमेधने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत कौतुक होतं आणि वर शिवीही होती.

इरा मॅडमनी माझा हात हातात घेतला. "हेमाताई, हे किती सुंदर आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. "इतकं सुंदर आहे ना, की हिला आता मारायलाच हवं."

झालं. माझ्या तोंडानेच मी माझं काम घालवलं होतं.

बाहेर व्हरांड्यात सुमेध माझ्यावर उखडला. इस्टेट म्हणायला काय धाड भरली होती, असं म्हणाला. मी म्हटलं, बाबा, ते खरं नव्हतं. तो म्हणाला, ताई, काकूच खऱ्या नाहीत, त्यांचं खरंखोटं काय घेऊन बसलात. बरोबरच होतं त्याचं. मी घरी येऊन मनसोक्त रडले. मला स्वतःचा राग आला होता, आणि रांगोळीच्या परीक्षकपणाला कुणाला फोन करायचा तेही आठवत बसले होते.

पण चार दिवसांनी मेकअपच्या खुर्चीत सुमेधने मरणाच्या प्रसंगाची पानं माझ्या हातात दिली. त्या पोराने जीव ओतला होता. काकू सकाळी उठून खीर करतात. चांगली खीर, बदाम घालून, कशात काही न मिसळता. वाट्या मांडतात. घरातले येतात, वाट्यांकडे बघतात, एकमेकांकडे बघतात आणि एकेक करून उठून जातात. कुणी चमचासुद्धा लावत नाही. शर्वरी तेवढी दारात थांबते, "शालनकाकू" म्हणते, आणि तीही जाते. मग काकू सगळ्या वाट्या आपल्यासमोर ओढतात आणि एकट्या बसून खातात. खाता खाता मान खाली जाते. विष नाही, कट नाही. बाई थकली होती, गेली.

मी ते वाचल्यावर रांगोळी विसरले. तीस-पस्तीस वर्षं रंगभूमीवर घालवली, पण असा प्रसंग माझ्या वाट्याला आला नव्हता. आता काम गेलं तरी हरकत नाही, असं मला मनापासून वाटलं. त्या दिवशी खरंच वाटलं.

आम्ही तो प्रसंग एका दमात केला. दिग्दर्शक एरवी दर वाक्याला थांबवणारे, त्या दिवशी त्यांनी कॅमेरा नुसता समोर ठेवला. मी खीर खात होते. खरी होती, गोड होती, आणि ती खाताना मला माझी पहिली नाटकं आठवली, आईचं घर आठवलं, काय काय आठवलं. मान टेबलावर टेकली. मग कुणीतरी हुंदका दिला. दिग्दर्शकांना कट म्हणायचं सुचेना.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मरणाचा शॉट झाला की कॅमेरा बंद करायच्या आधी त्या नटाने डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. खोटं मरण अंगाला चिकटू नये म्हणून. ते हसू कधी कुठे दाखवायचं नसतं, ते फक्त अपशकुन काढायला असतं. कॅमेरामन पुण्याहून आलेला, अगदी श्रद्धाळू. तो हळूच म्हणाला, "ताई, एक हसरा द्या."

मी डोळे उघडले आणि हसले. असं हसू मला आयुष्यात क्वचित आलं असेल. कुणावर छाप पाडायची नव्हती, कुणाची मर्जी राखायची नव्हती. एक काम मनासारखं झालं होतं आणि मी सुटले होते. युनिटने टाळ्या वाजवल्या, नारळ दिला, केक कापला. सुमेध पाया पडला. मी सगळ्यांना मिठ्या मारून घरी आले.

प्रसंग शनिवारी दाखवणार होते. त्या आठवड्यात त्याची झलक रोज झळकत होती, मी वाट्या ओढतेय एवढीच. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका, ज्या चार वर्षं मला बघून बोटं मोडत होत्या, त्या शनिवारी बटाटेवडे घेऊन माझ्याकडे जमल्या. वरच्या मजल्यावरच्या मगदूम वहिनींनी तर मला आधीच सांगून टाकलं की वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही मेल्यावर आम्हाला बरं वाटणार आहे.

प्रसंग सुरू झाला. धडाम नव्हतं, संगीतही नव्हतं. माझा विश्वासच बसेना, वाहिनीने कुठेच हात लावला नव्हता. घरातले एकेक करून उठून गेले. मी खीर खायला लागले. मगदूम वहिनींनी हातातला वडा बशीत ठेवला. "कुणीतरी एक घास खायचा हो," त्या पुटपुटल्या. माझी मान खाली गेली तेव्हा त्या पदर तोंडात कोंबून रडत होत्या, आणि बाकीच्याही. मी त्यांच्यामागे उभी राहून सगळ्यांची डोकी बघत होते. शालनला अखेर कुणीतरी बघितलं होतं.

पडद्यावर स्वयंपाकघर शांत होतं. रिकाम्या वाट्या, टेबलावर माझं डोकं. आता पडदा काळा होणार, मी मनात म्हटलं.

टेबलावरच्या डोक्याने डोळे उघडले. कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि हसलं.

धडाम. धडाम. धडाम.

क्षणभर घरात कुणालाच काही कळलं नाही. मग मगदूम वहिनींनी डोळे पुसले आणि मांडीवर थाप मारली. "मला माहीतच होतं. नाटक करत होती सटवी. आम्हाला रडवलं आणि स्वतः दात काढतेय बघा." सगळ्या हसायला लागल्या. सुटल्यासारख्या हसत होत्या. माझ्या पाठीवर थापा मारत होत्या, काय काम केलंत म्हणत होत्या. वडे पुन्हा फिरायला लागले.

बशा उचलल्या जाईपर्यंत फोन आला. इरा मॅडम. आवाजात नुसता आनंद. झलक बघूनच आकडा उडाला होता. लोक लिहीत होते की काकूंना मारू नका. पण कार्डाच्या विरोधात कसं जायचं? म्हणून त्यांनी मृणालला पुन्हा एक कार्ड काढायला लावलं, आणि काय यावं, तर 'जजमेंट'. देवदूत तुतारी वाजवतोय आणि मेलेली माणसं शवपेट्यांमधून उठून उभी राहतायत. मृणाल म्हणत होती की त्याचा अर्थ वेगळा आहे, आतल्या हाकेला ओ देणं वगैरे. पण मॅडमना चित्र स्वच्छ दिसत होतं. आणि संकलकाकडे तो हसरा शॉट तयारच होता.

"तो शेवटचा लूक, हेमाताई," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे बघत बसलो. किती खरा आहे. असं आतून हसू कसं काय आणलंत?"

"मेल्यावर मोकळं वाटलं हो," मी म्हणाले. "म्हणून हसले."

मला वाटलं, कळलं असेल.

"वा," त्या म्हणाल्या. "हे सुमेधला सांगते, डायलॉगमध्ये घेईल. मग सोमवारी गाडी पाठवू?"

दिवाणखान्यातून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या तोंडात नाही हा शब्द तयार होता. शालन मेली आहे, तिला मरू दे, मी येत नाही, असं सगळं वाक्य तयार होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं.

"किती वाजता?" मी विचारलं.